पेठेत माणूस कसा येतो?



ज्यांच्या स्मृतीसाठी या व्याख्यानमालेला आपण दरवर्षी जमतो, त्यांचे सारे आयुष्य पुण्याच्या जुन्या पेठांत गेले. त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. पेठांबद्दल बोलायचे आणि पेठेत माणसे आणून सोडणाऱ्या गाड्यांबद्दल बोलायचे, एवढे ठरवून मी आलो आहे.

लक्ष्मी रस्त्याची भरभराट कशावर झाली असे विचारले तर कुणी सराफी पेढ्या सांगेल, कुणी साड्यांची दुकाने. मी बस्ता सांगेन. पुरंदर, भोर, मावळ, बारामती, नगर जिल्ह्याचा दक्षिण भाग, इतक्या लांबून माणसे लग्नाचा बस्ता बांधायला पुण्याला येत. एका घरची आठ-दहा माणसे असत. नवरीची आई, दोन आत्या, मामा, आणि भाव करायला गावातला एखादा जाणता. सकाळची एसटी धरून स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला उतरायचे, तिथून पीएमटीने मंडईला यायचे. आधी मानपानाच्या साड्या, धोतरे, टॉवेल-टोप्या. मग तुळशीबागेत रुखवताचे सामान आणि बांगड्या, मग भांडी, मग सराफाकडे एक चक्कर. मध्ये कुठेतरी जेवण, दोनदा चहा, आणि शेवटची गाडी चुकायच्या आत परत. या एका फेरीत किती गल्ले उघडत असतील याचा विचार करा. कापडवाल्याकडे आलेले गिऱ्हाईक तिथून भांडेवाल्याकडे जाई, वाटेत पथारीवाल्याकडून पिना घेई, अमृततुल्यात बसे. ते पायी होते, म्हणून एका दुकानाचे न राहता साऱ्या पेठेचे होई.

आजही बस्ता बांधला जातो, पण बऱ्याच घरांचा आता टेम्पो ट्रॅव्हलरमधून जातो आणि शहराबाहेरच्या एखाद्या मोठ्या वस्त्रदालनापाशी थांबतो. तिथे गाडी लावायला जागा आहे, लिफ्ट आहे, वरच्या मजल्यावर जेवण आहे. माणसे एका दारातून आत जातात आणि त्याच दारातून बाहेर पडतात. खरेदी तेवढीच झाली, पण तिच्यावर जगणारी चाळीस दुकाने एकदम गळाली.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. बाजारपेठ चालणाऱ्या माणसांवर जगते. चालणारी माणसे मोठ्या संख्येने, रोज, परवडेल अशा भाड्यात आणून सोडण्याचे काम फक्त सार्वजनिक वाहतूक करू शकते. म्हणून पेठ सावरायची असेल तर पहिला पैसा बसवर आणि पदपथावर खर्च झाला पाहिजे.

इतिहासही याच बाजूने आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला आली. ती दोन शहरांच्या मधून धावली, पण तिने खरे काम केले ते तालुक्याच्या गावांत. एसटीचा स्टँड जिथे पडला तिथे पुढच्या वीस-तीस वर्षांत गावाचा मुख्य रस्ता तयार झाला. रसवंती, खानावळ, औषधाचे दुकान, बी-बियाणे, शिंप्याचे दुकान, वकिलाची पाटी, सगळे स्टँडच्या आसपास. कुठल्याही नगररचनाकाराने ते आखले नव्हते. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला काय लागते हे ओळखून ते उभे राहिले.

आता पार्किंगच्या प्रश्नाकडे येतो, कारण पेठेतली प्रत्येक चर्चा शेवटी तिथे येऊन अडकते. दुकानदाराला आपल्या दारासमोर उभी असलेली मोटार दिसते आणि तिच्यातून उतरलेले गिऱ्हाईक लक्षात राहते. बसमधून उतरून चालत आलेले गिऱ्हाईक कशाने आले, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून रस्त्यावरचे पार्किंग काढायचे म्हटले की व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ज्याचा संसार गल्ल्यावर चालतो त्याच्या या भीतीला मी हसणार नाही. पण तिचा हिशेब मांडून पाहू.

एक मोटार उभी राहायला रस्त्याच्या कडेची पाच-सहा मीटर लांबी लागते. पेठेतल्या दोन लहान दुकानांचा दर्शनी भाग तेवढ्यात झाकला जातो. मोटारीतून दोन माणसे आली आणि दोन तास थांबली असे धरू. दुकान दहा तास उघडे असेल तर त्या जागेवर दिवसभरात ५ मोटारी, म्हणजे १० माणसे. बसथांब्याला अशा चार मोटारींची जागा लागते असे धरले, तर चार मोटारींची माणसे झाली ४०. त्याच जागेवर दर पाच मिनिटांनी बस थांबली आणि प्रत्येक बसमधून पाचच माणसे उतरली, तर तासाला ६० आणि दहा तासांत ६०० माणसे पेठेत आली. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुम्ही ते आणखी कमी करा. बस दहा मिनिटांनी धरा, उतरणारे तीनच धरा, तरी उत्तर १८० येते. शिवाय त्या चार मोटारी गिऱ्हाइकांच्याच असतात असेही नाही. दुकानमालकांची वाहने सकाळी लागतात आणि रात्री शटर ओढल्यावर निघतात, हे पेठेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

व्यापाऱ्यांच्या अंदाजाची गंमत परदेशात मोजलीही गेली आहे. २००६ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ग्लॉस्टर रोड या बाजाराच्या रस्त्यावर सस्ट्रान्स या संस्थेने पाहणी केली. तुमचे किती गिऱ्हाईक मोटारीने येते, असे दुकानदारांना विचारले. त्यांचा अंदाज ४१ टक्के होता. मग गिऱ्हाइकांनाच विचारले, तेव्हा खरा आकडा २२ टक्के निघाला. बाकीचे चालत, सायकलने किंवा बसने आले होते. हे दुकानदार खोटे बोलत नव्हते. पायी येणारे गिऱ्हाईक त्यांच्या डोळ्यांत भरत नव्हते.

अमेरिकेतल्या लहान शहरांत मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याला मेन स्ट्रीट म्हणतात. तिथली गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपण त्याच वाटेने निघालो आहोत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक गावांत या रस्त्यावरून ट्राम जात असे. मग ट्रामचे रूळ उखडले गेले, १९५६ च्या कायद्याने महामार्गांना प्रचंड पैसा मिळाला, आणि त्याच वर्षी मिनेसोटा राज्यात साउथडेल हा पूर्ण बंदिस्त मॉल उघडला. गिऱ्हाईक गावाबाहेर गेले, मेन स्ट्रीटवरच्या खिडक्यांना फळ्या लागल्या. १९७७ साली तिथल्या वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत मेन स्ट्रीट सावरण्याचा प्रयोग हाती घेतला. त्यातून पुढे देशव्यापी चळवळ उभी राहिली.

पण त्याआधी एक सोपा उपाय करून झाला होता. मोटारी काढून टाका, रस्ता पादचाऱ्यांना द्या. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू शहराने १९५९ साली हे पहिल्यांदा केले. झाडे लावली, बाके ठेवली. इतर अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरवला आणि त्यांतले बहुतेक प्रयोग फसले. कॅलामझूनेही १९९८ साली त्या रस्त्यावर मोटारी परत आणल्या. कारण उघड आहे. मोटारीने येणाऱ्याला अडवले, पण त्याने दुसऱ्या कशाने यावे याची सोय केली नाही. वाहनबंदी करणाऱ्या प्रत्येक महापालिकेने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मग नुसत्या बस आणल्या की झाले का? तेही नाही. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर १९७९ साली खाजगी मोटारी बंद करून फक्त बस ठेवल्या. रस्त्यावर बसची रांगच्या रांग उभी राहू लागली, डिझेलचा धूर कोंडला, फाजील रुंद केलेले पदपथ संध्याकाळी ओस पडले. १९९६ मध्ये तो प्रयोगही गुंडाळावा लागला. त्याउलट डेन्व्हरमध्ये १९८२ साली सोळाव्या रस्त्यावर दोन टोकांना दोन बसस्थानके बांधली आणि मध्ये सतत धावणाऱ्या, विनातिकीट बस ठेवल्या. लांबून येणाऱ्या गाड्या टोकाला थांबतात, पेठेत फक्त फिरती बस येते. माणूस कुठेही चढतो, दोन चौक पुढे उतरतो. ही व्यवस्था दशकानुदशके टिकली. या तीन शहरांकडे एकत्र पाहिले की गाडीइतकाच तिच्या फेऱ्यांचा आणि रस्त्याच्या रचनेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे पटते.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते स्ट्रासबुर्गने. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचे, ऱ्हाइन नदीकाठचे हे शहर. तिथली जुनी ट्राम १९६० साली बंद पडली आणि रस्ते मोटारींना मिळाले. शहराच्या मधोमध प्लास क्लेबेर नावाचा चौक आहे. त्या चौकातून रोज सुमारे ५०,००० वाहने जात. १९८९ च्या नगरपालिका निवडणुकीत मुख्य वाद हाच होता की सार्वजनिक वाहतूक भुयारातून न्यायची की रस्त्यावरून. व्यापाऱ्यांचा मोठा वर्ग भुयारी रेल्वेच्या बाजूने होता. साहजिक आहे, भुयारी गाडी आली की वरचा रस्ता मोटारींसाठी मोकळा राहतो. कातरीन त्रोतमान यांनी ट्रामचा आग्रह धरला, त्या निवडून आल्या आणि महापौर झाल्या.

त्यांनी जे केले त्याचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९२ मध्ये त्यांनी आधी शहराच्या गाभ्यातून आरपार जाणारी वाहतूक तोडली. मोटार आत येऊ शकत होती, पण शहर ओलांडून पलीकडे जाण्यासाठी गाभ्याचा वापर बंद झाला. प्लास क्लेबेर पायी चालणाऱ्यांना मिळाला. १९९४ च्या नोव्हेंबरात ट्रामची पहिली मार्गिका सुरू झाली. तिचे एक टोक ओतपिएर या कामकरी लोकांच्या वसाहतीत होते. शहराच्या कडेला टाकलेल्या त्या वसाहतीतून माणूस थेट मुख्य चौकात येऊ लागला. डब्यांची जमीन पदपथाच्या पातळीला होती, त्यामुळे बाबागाडी घेतलेली आई आणि काठी टेकणारा म्हातारा सहज आत येत. खिडक्या मोठ्या होत्या, बसल्या जागेवरून दुकाने दिसत. भुयारातल्या प्रवाशाला हे मिळत नाही. शहराच्या वेशीवर वाहनतळ केले आणि तिथे एकदा पैसे भरले की मोटारीतल्या सगळ्यांचे ट्रामचे तिकीट त्यातच धरले. मोटारवाल्याचा अपमान न करता त्याला ट्राममध्ये बसवले.

काम चालू असताना दुकानदारांचे हाल झाले, हे लपवून उपयोग नाही. रस्ते खणलेले, धूळ, गिऱ्हाईक घटलेले. फ्रान्समध्ये ट्रामचे काम निघाले की दुकानदारांच्या नुकसानीचे दावे ऐकून भरपाई ठरवणाऱ्या समित्या नेमण्याची पद्धत रुळली, ती यातूनच. त्रोतमान १९९५ साली पुन्हा निवडून आल्या. आणि २०१७ मध्ये ही ट्राम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केल या लहान गावात पोहोचली. ज्या दोन काठांनी एकमेकांविरुद्ध तीन युद्धे पाहिली, त्यांच्यातली माणसे आज ट्रामने बाजाराला जातात येतात. वाहतूक माणसे जोडते असे आपण भाषणांत म्हणतो. इथे ते तिकीट काढून पाहता येते.

आता आपल्याकडे. २००६ साली देशातला बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पहिला प्रयोग पुण्यात कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर झाला, पण तो मनापासून झाला नाही. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका तर काढून टाकली गेली. याचे मला दुःख आहे. दुसरीकडे जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला जागा झाली, आणि तिथे संध्याकाळी किती माणसे रेंगाळतात ते आपण पाहतो. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याच्या एका तुकड्यावर पादचारी दिन झाला. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनी रस्त्याच्या मधोमध उभे राहून गप्पा मारल्या. वर्षातून एक दिवस ही गोष्ट सणासारखी साजरी करावी लागते, याचा अर्थ उरलेल्या दिवसांचे आपण काय केले आहे हे उघड आहे.

त्याच वर्षी शहराच्या बससेवेने, म्हणजे पीएमपीने, पेठांमध्ये लहान बस आणल्या, दहा रुपयांत दिवसभर फिरा, पुण्यदशम या नावाने. कल्पना डेन्व्हरची आठवण करून देणारी आणि अगदी बरोबर होती. पण अशा सेवेचा प्राण तिच्या फेऱ्यांत असतो. थांब्यावर आलेल्या बाईला पाच मिनिटांत बस दिसली तर ती उद्याही येईल. वीस मिनिटे उभे राहावे लागले तर ती मुलाला दुचाकी काढायला सांगेल. केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे चांगल्या सेवेसाठी हजार लोकसंख्येमागे ०.६ बस हव्यात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या पाहता सुमारे दोन हजार बसचा ताफा त्याच्या बराच खाली राहतो. पेठेतल्या गर्दीचे मूळ कारण शोधायचे तर इथून सुरुवात करावी लागेल.

२९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईखाली मेट्रो थांबते. १८८६ सालची ती इमारत बांधायच्या काळात, एवढा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे जोतीराव फुले यांनी नगरपालिकेत ठणकावून सांगितले होते. आज त्यांचेच नाव तिला आहे. सार्वजनिक पैसा कुणाच्या उपयोगाला येतो, हा त्यांचा प्रश्न मेट्रोलाही लागू आहे. पिंपरीहून आलेली बाई मंडईत वर येते तेव्हा तिच्या पुढ्यात सलग पदपथ असेल, तुळशीबागेपर्यंत तिला जीव मुठीत धरून चालावे लागणार नसेल, आणि लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाऊन कुमठेकर रस्त्याने परत मंडईकडे येणारी लहान बस सतत फिरत असेल, तर त्या भुयारावर खर्च झालेला पैसा पेठेला मिळेल. नाहीतर ती वर येईल, गर्दी पाहील आणि पुढच्या खेपेला मॉलमध्ये जाईल.

याच ठिकाणी आणखी एक धोका सांगतो. मेट्रो आली की जागेचे भाव चढतात. जुने वाडे पडतात, पागडीवर बसलेला भांडेवाला, कासार, बुरूड उठतो आणि त्या जागी साखळी दुकान येते. रस्ता चकचकीत होतो आणि ज्या विविधतेसाठी माणूस पेठेत येत होता तीच निघून जाते. पुनर्विकासाच्या परवानगीत जुन्या दुकानदाराला तळमजल्यावर तेवढीच जागा मिळण्याची अट कठोरपणे पाळली गेली पाहिजे, आणि पथारीवाल्यांच्या जागा नकाशावर आधी आखल्या गेल्या पाहिजेत.

तालुक्यांकडे परत जातो, कारण तिथले नुकसान शांतपणे होते आणि त्याची बातमी होत नाही. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांची दुखणी खरी होती, त्याबद्दल मी वेगळे काही म्हणत नाही. पण त्या महिन्यांत स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्याला आणि आठवडी बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या म्हातारीला एसटी म्हणजे काय हे कळले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. याचा अर्थ केवळ पैशांची बचत नव्हे. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोटारसायकलची वाट न बघता बाईला बाजाराला जाता येते, बँकेत जाता येते, माहेरी जाऊन संध्याकाळी परतता येते. तालुक्याच्या पेठेला मिळालेले हे नवे गिऱ्हाईक आहे.

आणि नेमक्या याच काळात कित्येक गावांत जागा नाही, गर्दी होते, या कारणाने स्टँड वळणरस्त्यावर नेण्याच्या योजना पुढे येतात. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे त्या बाईने मग रिक्षाला द्यायचे. पुण्यात शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेला आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहिला. तात्पुरता हलवलेला स्टँड परत कधी आणणार, हे हलवण्याआधी लेखी ठरले पाहिजे.

इथे पेठेतले बरेच व्यापारी बंधू बसले आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. पुढचा एक आठवडा बिल करताना प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, कशाने आलात? बस, मेट्रो, रिक्षा, दुचाकी, मोटार की चालत. बिलबुकाच्या कडेला एक अक्षर लिहून ठेवा. आठवडा संपला की साऱ्या दुकानांचे आकडे एका वहीत उतरवा. ती वही घेऊन महापालिकेत जा, पीएमपीच्या स्वारगेटच्या कार्यालयात जा, आणि बहुमजली पार्किंगच्या आधी दर पाच मिनिटांची बस मागा.